वकिलांची उलटतपासणी

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर एक लोखंडी टेबल आहे. त्यावर फॉर्मचा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेलं पेन, आणि टेबलामागे वकील. ते काही खरे वकील नव्हेत. बावीस वर्षं ते पेशंटना स्कॅनआधीचे प्रश्न विचारताहेत, आणि ज्या थाटात विचारतात त्यावरून त्यांना हे नाव पडलं. डॉक्टरसुद्धा त्यांना वकीलच म्हणतात. त्यांना ते मनापासून आवडतं.

पेशंटच्या शब्दावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. चार तास पोटात काही नाही ना, म्हटलं की माणूस ठासून नाही म्हणतो. चहा? चहा तेवढा घेतला. बरोबर बिस्किट? दोनच. मग वकील पेन खाली ठेवून असे रोखून बघतात की समोरच्याला तिसरं बिस्किटही आठवतं. किडनीचा रिपोर्ट घरी विसरून आलेले, मधुमेहाच्या गोळ्या घेऊनही ‘औषध काही चालू नाही’ म्हणणारे, दिवस गेलेत का या प्रश्नाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या, असे सगळे नमुने त्यांनी हाताळलेत. म्हणून त्यांनी स्वतःच एक नियम घालून दिला होता. पेशंटचं झालं की सोबतच्या माणसाला बाजूला घ्यायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. पेशंट लपवतो आणि घरचे बोलून जातात, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत.

मग त्यांचंच पोट दुखायला लागलं. तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी स्कॅन सांगितला, तोही शिरेत डाय, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, टोचून, कारण त्याशिवाय आतलं नीट दिसणार नव्हतं. त्या दिवशी वकील बायकोला घेऊन आले ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. त्यांच्या जागेवर सहा महिन्यांपूर्वी लागलेली टेक्निशियन बाई बसली होती. तिने तोंड उघडायच्या आत त्यांनी फॉर्म ओढला आणि अकराच्या अकरा प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहून मोकळे झाले. हे प्रश्न मीच तयार केलेत, मला काय विचारता, असंही वर म्हणाले. ती बरं म्हणाली. ते गाऊन चढवून आत गेले, आणि तिने नियमाप्रमाणे त्यांच्या बायकोला बाकावरून उठवून बाजूला नेलं.

याआधी डाय दिल्यावर कधी त्रास झाला होता का, या प्रश्नाला बायको सहज म्हणाली, “झाला होता की. सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात. तोंड सुजलं, श्वास अडकला. दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. का, यांनी सांगितलं नाही?”

टेक्निशियन बाई धावतच आत गेली. वकील मशीनवर आडवे झाले होते, हाताच्या शिरेत सुई बसली होती, फक्त डाय सुरू व्हायचा राहिला होता. तो तिने थांबवला. वकिलांनी आधी त्राग्याने बघितलं, मग तो त्रास इंजेक्शनचा नव्हताच, असं म्हणून पाहिलं. शेवटी तिने सरळ विचारलं, तुम्ही, आणि हे लपवलंत?

ते छताकडे बघत म्हणाले, “सांगितलं असतं तर परत पाठवलं असतंत. माझ्या पोटात काय आहे ते मला आज कळायला हवं होतं. घाबरलो होतो, बाई.”

त्यांना फार लाज वाटली. डॉक्टर येऊन म्हणाले की असा त्रास असला तरी स्कॅन होतो. आदल्या दिवसापासून गोळ्या घ्यायच्या, डाय वेगळा वापरायचा आणि डॉक्टरांनी जवळ थांबायचं, एवढंच. उद्या करू. म्हणजे वकिलांनी जीव पणाला लावला होता तो एका दिवसासाठी, आणि हे बावीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. आतड्याला सूज निघाली, औषधाने उतरणारी.

महिन्याभराने वकील टेबलावर परतले. पहिला प्रश्न विचारण्याआधी आता ते एक वाक्य बोलतात. खरं सांगितल्याने स्कॅन बुडत नाही, फार तर उद्यावर जातो. पहिल्याच दिवशी समोर एक म्हातारे गृहस्थ होते, दर वर्षी स्कॅनला येणारे. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि जरा पुढे सरकले.

“मग सांगतो. दोन वर्षांपूर्वी हे इंजेक्शन घेऊन घरी गेलो आणि अंगभर गांधी उठल्या. मागच्या खेपेला सांगणारच होतो. पण तुम्ही असे बघत होतात, की मी नाहीच म्हणालो.”

वकिलांनी पेन उचललं. त्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहायला त्यांना बराच वेळ लागला.