कंडक्टरशेजारची जागा

मेडिकलच्या दुकानात प्रत्येक गोष्टीवर एक्सपायरी छापलेली असते. किश्श्यांवर नसते, म्हणून ते साठत जातात. श्रीरामपुरात बसस्टँडजवळ माझं मेडिकल आहे आणि दुकानासमोर एक बाक आहे. बाक मी पेशंटसाठी ठेवला होता. पेशंट आजवर उभेच राहिले, कारण बाकावर कायम दोन माणसं वाद घालत बसलेली.

एक गाडेकर सर. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले, पक्के नास्तिक. बायको गेली तेव्हा त्यांनी दहावा-तेरावा काही केला नाही. त्यावरून नातेवाइकांनी बोलणं टाकलं. सर म्हणतात, शांतता मिळाली.

दुसरे फिलिपकाका साळवे. एसटीत कंडक्टर होते, आता चर्चच्या पंचांमध्ये आहेत. सर खेड्यातल्या शाळेवर अप-डाउन करायचे ते काकांच्या गाडीनं. कंडक्टरच्या सीटशेजारची जागा काका रुमाल टाकून सरांसाठी धरून ठेवायचे. देव आहे की नाही, हा वाद त्या सीटवर सुरू झाला आणि रिटायरमेंटनंतर माझ्या बाकावर येऊन बसला.

मी कुणाच्याच बाजूचा नाही. देव मानणारा असो नाहीतर न मानणारा, अ‍ॅसिडिटी दोघांनाही होते.

*

एकदा सरांनी विचारलं, "फिलिप, मी कधी कुणाचं वाईट केलं नाही. खोटं बोललो नाही. तरी मी नरकात?"

काकांना हा प्रश्न आवडत नाही. ते मान खाली घालून म्हणाले, "सर, गाडीत बसायला तिकीट लागतं. मानूस सज्जन हाय म्हनून मी कधी कुनाला फुकट न्हेलं न्हाई. विश्वास हेच तिकीट."

"आणि पासवाले? मी इतकी वर्षं तुझ्या गाडीत बसलो, तिकीट कधी काढलं? माझा पास होता."

 चहा आला, तो पिऊन काका उठले आणि घरी गेले. सरांनी विजयी चेहऱ्यानं पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर काका आधीच हजर. सर येताच काका म्हणाले, "सर, पासवर पन वरच्याचा सही-शिक्का लागतो."

रात्रभर माणूस झोपला नसणार.

*

मे महिन्यातली गोष्ट. दुकानातला फ्रीजसुद्धा धापा टाकत होता. काका घाम पुसत म्हणाले, "ह्याच्यापेक्षा लई गरम असतंय तिथं, सर. इचार करा."

सर वर्गात उभे राहिल्यासारखे उभे राहिले. "आग पेटती राहायला काय लागतं? ऑक्सिजन. म्हणजे नरकात हवा खेळती असणार. म्हणजे तिथं श्वास घेता येतो. म्हणजे तिथं वस्ती होऊ शकते."

काका शांतपणे माझ्याकडे वळले. "ऐकलंस ना रं? नरक हाय, हे सरांनी मान्य केलं. तू साक्षीदार."

सर त्यानंतर आठवडाभर रसायनशास्त्रावर काही बोलले नाहीत.

*

सरांचा आवडता मुद्दा म्हणजे दुसऱ्यासाठी केलेलं काम. "तुम्ही लोक स्वर्ग मिळेल म्हणून सेवा करता. हा बोनस झाला. मी करतो ते बिनपगारी, म्हणून माझं जास्त शुद्ध."

काका म्हणायचे, "आमी स्वर्ग मिळवाया करत न्हाई, मिळालाय म्हनून करतो." यावर दोघांची तासन्‌तास जुंपायची.

असाच वाद रंगलेला असताना ऊसतोडीची एक बाई तान्ह्या पोराला पोटाशी धरून दुकानात आली. पाथर्डीकडची होती. टोळी कारखान्याच्या रस्त्याला उतरलेली, नवरा फडात. पोर तापानं फणफणलेलं, डोळे वर. मी म्हटलं, इथं गोळी नको, सरळ दवाखान्यात न्या. सर स्कूटरला किक मारायला धावले. काकांनी पोर हातात घेतलं आणि ओल्या रुमालानं त्याचं कपाळ पुसायला लागले.

स्कूटर सुरू होईना. तेवढ्यात काका म्हणाले, "बघा सर, देवानं तुमाला बरोबर येळेला इथं बसवलं."

सर किक मारता मारता थांबले. "आणि ताप? तो कुणी पाठवला?"

"सर," काका म्हणाले, "आदी किक मारा."

पोर वाचलं. बाईनं पट्टा पडायच्या आधी, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आधी, उसाची एक मोळी बाकावर आणून ठेवली. ऊस दोघांनी मिळून खाल्ला. श्रेय कुणाचं, हे काही ठरलं नाही.

*

खरं तर काकांनी उसाला हात लावायला नको होता. त्यांना शुगर आहे. नवी चप्पल उजव्या पायाला लागली, फोड आला, फोडाची जखम झाली, आणि जखम बरी होईना. मी मलम द्यायचो, ते लावायचे विसरायचे. ड्रेसिंगला जा म्हटलं की म्हणायचे, "देव बगतोय."

"बघतोय," सर म्हणाले, "पण ड्रेसिंग तो करत नाही."

शेवटी सौदा ठरला. काकांनी एकदा ड्रेसिंगला जायचं, मग सरांनी एकदा घरगुती प्रार्थनेला बसायचं. काकांच्या मनात आलं, आत्मा वाचेल. सरांच्या मनात आलं, पाय वाचेल. दोघंही खूश.

सरांच्या पहिल्या प्रार्थनेला मीही गेलो होतो. काकांच्याच घरी होती. पेटी, ढोलकी, भजनं झाली. मग चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाच्या काही विनंत्या?" अशा वेळी ज्यानं त्यानं उभं राहून आपली अडचण सांगायची, आणि सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची, अशी पद्धत असते. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाच्या पोराचा इंटरव्ह्यू होता.

काका उभे राहिले. "गाडेकर सरांचं तारण व्हावं, आत्मा वाचावा."

सगळे "आमेन" म्हणाले. सर ऐकत होते. काका खाली बसले तसे सर उठले.

"माझीही विनंती आहे. फिलिपला रोज पाय धुऊन पट्टी बांधायची बुद्धी व्हावी."

या विनंतीला आधीपेक्षा मोठा आमेन पडला. त्यात सगळ्यात वरचा आवाज काकूंचा होता.

*

सरांनी देहदान केलं. मेल्यावर देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, सगळं पक्कं करून आले आणि बाकावर बसून पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला नाही. मला वाटलं शुगरमुळे. तसं नव्हतं.

"सर, शेवटच्या दिवशी कर्णा वाजंल. समदे मेलेले उठत्याल. तुमी कसं उठनार? मुंडकं एका पोराकडं, हात दुसऱ्याकडं."

"तुझ्या देवानं मातीचा माणूस केला ना? मग त्याला कॉलेजातून गोळा करायला काय जड आहे?"

बिनतोड होतं. काका मात्र हरल्यासारखे दिसले नाहीत. ते नुसते रस्त्याकडे बघत राहिले. एसटी आली, गेली. मग म्हणाले, "तो करंल गोळा. पन तिकीट न्हाई तुमच्याकडं. मी तिथं गेलो आन शेजारी तुमी नसला, तर मी वाद कुनाशी घालू? तिथं समदे आमचेच."

 काकांना खरंच वाईट वाटत होतं. हा माणूस इतकी वर्षं वाद जिंकायला बसत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.  सरांनी पेढ्यांचा पुडा बांधला आणि खिशात ठेवला.

*

पाय वाचला नाही. ड्रेसिंगला आम्ही उशिरा लागलो होतो. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घोट्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर जिवावर बेतेल.

आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत काही जण कापलेला पायही दफन करतात. शेवटच्या दिवशी माणूस अख्खा उठायला हवा, म्हणून. काकांचाही तोच हट्ट. आणि ठेवायचा कसा, तर बोटं पूर्वेला. प्रेतही तसंच ठेवतात, डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे उठल्यावर तोंड उगवतीकडे होतं.

काकूंचं बीपी वाढलेलं, मुलगा दुबईला. पाळकसाहेब दौऱ्यावर होते. ते फोनवर म्हणाले, नुसत्या पायाचा विधी पुस्तकात नाही, तुम्ही पुरा, आल्यावर मी प्रार्थना करतो.

थिएटरमध्ये नेताना काकांनी सरांचा हात धरला. "सर, तुमीच न्या. दुसऱ्याला बोटं कुटं कळायची." आणि स्ट्रेचरवरून हसले. "पाय म्होरं चाललाय. रुमाल टाकाया."

म्हणून नगरहून श्रीरामपूरपर्यंत तो पाय माझ्या गाडीतून आला, सलाईनच्या रिकाम्या खोक्यातून. मागच्या सीटवर सर खोक्यावर हात ठेवून बसले होते. राहुरीला चहाला थांबलो तर उतरले नाहीत. म्हणाले, "तू पिऊन ये. मी आहे इथं."

दफनभूमीत काकांच्या वडिलांच्या कबरीशेजारी काकांची जागा राखलेली आहे. खणणाऱ्यानं खड्डा तयार ठेवला होता. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. तो हातानं दाखवून म्हणाला, "उगवत हिकडं हाय, ठिवा."

सरांनी मोबाईल काढून कंपास लावला. "तिकडे आग्नेय आहे," म्हणाले, आणि स्वतः गुडघ्यावर बसून पाय सरळ केला.

मी म्हटलं, "सर, थोडं इकडं-तिकडं झालं तर काय बिघडतं? तुमचा तर विश्वासही नाही."

"माझा नाही. त्याचा आहे." माती ढकलत ते म्हणाले, "आणि उलटा बसला तर? त्या दिवशी फिलिप उठेल उलट्या पायाचा, आणि लोक भूत म्हणून पळतील."

माती पडली. सरांनी टोपी काढली आणि बराच वेळ उभे राहिले. मग आजूबाजूला बघितलं, काकांच्या जागेच्या पलीकडे चार पावलं चालून आले, आणि म्हणाले, "चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो. काका शुद्धीवर होते. पहिला प्रश्न तोच. "बोटं?"

"पूर्वेला. कंपासनं."

काकांनी डोळे मिटून घेतले. सर मोसंबी सोलायला लागले. थोड्या वेळानं काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "शेजारी अजून येकाची जागा हाय का वो, सर?"

"आहे. चालून बघितली."

"पन तुमचं तर समदं कॉलेजला चाललंय."

सरांनी मोसंबीची एक फोड त्यांच्या हातावर ठेवली. "एक पाय ठेवा म्हणून सांगतो त्यांना. एवढं ऐकतील."

"कुटला?"

"डावा," सर म्हणाले. "उजवा तुझा आहे तिथं."