वडाकडचा दुसरा गिअर

माझी गाडी पंधरा दिवस गॅरेजात पडून होती आणि तिचा पार्ट येत होता. म्हणजे गॅरेजवाला रोज तसं सांगत होता. कोल्हापुरातून निघाला, घाट उतरला, वैभववाडीत आहे. चार दिवस तो पार्ट वैभववाडीतच! शिरा पडली त्या पार्टावर. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पान्ह्यांची पिशवी खांद्याला मारून मसुऱ्याच्या आसपासच्या वाड्या पायी फिरायच्या म्हणजे कमरेचं काही खरं नाही. शेवटी शाळेपासूनच्या मित्राने आपल्या दुकानाच्या टेबलावर मोटारसायकलची चावी आपटली.

“व्हर ही. माका रिक्षा मिळता. चोक अर्धो ठेव, आणि वडाकडच्या वळणार दुसरो गिअर अडकता, थंय हळू घे.”

“फक्त थंयच?”

“थंयच.”

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बिघाड काही जागा बघून होत नसतो. पण म्हटलं, धर्माची गाय, तिचे दात कशाला बघा.

दुसऱ्याच्या गाडीवर बसलं की आपण कोण हेच माणसाला कळेनासं होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी समजलं. हेल्मेट घातलेला मी कोणालाच दिसत नव्हतो. लोक गाडीला हात करत होते, गाडीला शिव्या घालत होते. एक म्हातारी तर हात दाखवून सरळ मागे चढली आणि बाजार येईपर्यंत सुनेच्या तक्रारी माझ्या कानात ओतत राहिली. उतरल्यावर तिने माझं तोंड बघितलं.

“तू कोण रे मेल्या?”

“गाडी त्याची आसा,” मी म्हणालो. हे काय उत्तर झालं?  आणि ऐकलेल्या तक्रारींचं काय करायचं, त्या मित्राला पोचवायच्या की विसरायच्या, तेही कळेना.

मग पितृपक्ष लागला. आमच्याकडे घरोघरी म्हाळ असतो, पितरांच्या नावाने जेवण. शेजारीपाजारी, भावकी, सगळे एकमेकांकडे जेवायला. वडाकडच्या वळणावर माझ्या मित्राच्या सख्ख्या काकाचं घर आहे, आणि त्या दिवशी त्याच्याकडे म्हाळ होता. माझा मित्र काही जाणार नव्हता. त्याचा बाप गेला त्याच वर्षी मधल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दोन हात जागेवरून काका-पुतण्यांचं वाजलं, त्याला सात वर्षं झाली. मित्राच्या बापाचा म्हाळ दोन घरांत दोनदा होतो. तो बिचारा वर बसून कुठे जेवत असेल कोण जाणे.

सांगितल्याप्रमाणे मी वळणावर गाडी हळू केली. नेमकं वासरू आडवं आलं, ब्रेक दाबला आणि गाडी काकाच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, तोंडाशीच बंद पडली. किक मारतोय तर म्हातारा खांबाला धरत बाहेर आला.

“इलंस? ये. पान वाढलेलां आसा.”

मी घाईघाईने हेल्मेट काढलं, म्हटलं तोंड तरी दिसू दे. पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसाची हालचाल तेवढी दिसायची. मागून काकी आली. तिने मला ओळखलं, आणि बोलू नको म्हणून मान हलवली.

“बस रे बाबा,” ती हळूच म्हणाली. “वाढलेलां पान रिकामां ठेवू नये. सात वरसां त्याच्या नावाचां मांडतत.”

आता माणसाने काय करावं? बोललो तर म्हाताऱ्याचं मन मोडतं, न बोललो तर मी तोतया. गाडी खळ्यात घेतली, हातपाय धुतले आणि गप बसलो. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती. खीर मात्र माझ्या पानावर आलीच नाही. म्हाळ आणि खिरीशिवाय? विसरली असेल म्हणून मी दोनदा काकीकडे बघितलं. ती दुसरीकडेच बघत होती.

“तू तो न्हय,” काका एकदम म्हणाला. मी उचललेला वडा परत पानात ठेवला. “तो वडो मोडून खाता. तू अख्खो तोंडात कोंबतंस.”

“नाय, मी फक्त...”

“जेव, जेव. गाडी त्याचीच मां? आवाज माका ठावक आसा. सात वरसां रोज सकाळी नि सांजची हंयसर हळू होता. थांबणा नाय. पण हळू होता.” त्याने तांब्या चाचपून माझ्याकडे सरकवला. “पुढच्या म्हाळाक मी पान मांडतलंय की माझ्या नावाचां मांडतले, तां देवाक ठावक.”

काका, तो गिअर अडकतो हो! अगदी ओठांवर आलं होतं. पाण्याबरोबर गिळलं.

तिथून तडक गॅरेजात गेलो. माझा पार्ट आला होता, गाडी उद्या मिळणार होती. म्हटलं, मित्राचे उपकार फेडू, ह्याचा दुसरा गिअर तेवढा बघ. गॅरेजवाला एक चक्कर मारून आला.

“ह्येका काय्येक झालेलां नाय.”

माझा विश्वास बसेना. मी परत वडाकडे गेलो आणि वळणावर मुद्दाम जोरात दुसरा गिअर टाकला. लोण्यासारखा पडला. चार वेळा टाकून बघितला. काका खोटं बोलत नव्हता, गिअर खोटं बोलत नव्हता. मग आता हे कोणाला सांगायचं, की कोणालाच नाही? मी काय पंपवाला की मध्यस्थ? डोकं नुसतं भणभणलं.

संध्याकाळी चावी द्यायला दुकानात गेलो. मित्र गिऱ्हाइकाला खिळे जोखून देत होता.

“गाडी तेच्या खळ्यात उभी होती म्हणे.”

“होती. जेवलंय.”

“कोणाच्या पानार?”

“तुझ्या.”

त्याने खिळे पुडीत बांधले. गिऱ्हाईक गेलं. “खीर कशी होती?”

“माका खीर वाढूकच नाय.”

“म्हाळाक खीर नाय? काकी खिरीशिवाय पान वाढूची नाय.”

“इतकी काळजी आसा तर जावन बघ मां!” मी भडकलोच.

त्याने वजनं खणात टाकली. दुकान बंद केलं आणि म्हणाला, चल, तुका घराकडे सोडतंय. मी मागे बसलो. वडाकडचं वळण आलं आणि गाडी हळू झाली.

“गिअर बरो आसा,” मी मागून म्हणालो. “गॅरेजवाल्यान बघल्यान. मी पण बघलंय.”

त्याची पाठ ताठ झाली. गाडी आता चालत्या माणसाच्या वेगाने जात होती. थांबवत नव्हता आणि पुढेही नेत नव्हता. माझं टाळकं सरकलं. सात वर्षं! मी मागून हात घातला, चावी फिरवली आणि काढून खिशात टाकली.

“चावी दी.”

“दिवचंय नाय.”

खळ्यातून आवाज आला. “आज गाडयेर कोण?”

माझ्या मित्राने दोन्ही पाय जमिनीला टेकले. तो उतरला, गडग्यापर्यंत गेला, परत माझ्याकडे बघितलं. मी खिशावर हात दाबून ठेवला.

“मी इलंय,” तो म्हणाला.

काकाने घराकडे तोंड वळवलं.

“गो, ती ठेवलेली खीर गरम कर.”