यर्देनाच्या वर्गातला नवा माणूस

बिस्किट तोंडात टाकण्याआधी नव्या माणसाचे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही, नुसते हलले. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. गेर्शोन कॉफी ओतत होता, मायान पर्समध्ये चष्मा शोधत होती. पण यर्देना पेलेडच्या नजरेतून ते सुटलं नाही. खाण्याआधी आशीर्वाद पुटपुटणारा माणूस, आणि तोही तिच्या वर्गात!

‘म्हणजे हा तिकडचा आहे,’ ती मनात म्हणाली आणि त्याच क्षणापासून तिने त्याच्यावर पाळत ठेवली.

यर्देनाचा जन्म इझ्रेलच्या खोऱ्यातल्या एका किबुत्झमधला, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीतला. तिथे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथीसुद्धा लोकांनी स्वतः लिहून काढली होती. समुद्र दुभंगणारा देव त्यातून गेला होता आणि त्याच्या जागी विहीर खणणारे बाप्ये-बायका आले होते. सिनेगॉगची, ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, पायरी यर्देना पहिल्यांदा चढली ती विद्यार्थिनी म्हणून, बगलेत वही घेऊन. पुढे शिक्षकांच्या कॉलेजात तिने आयुष्यभर तेच शिकवलं. ज्यूंची गाणी, विनोद, सणवार, भांडणं, जुने ग्रंथ, सगळं सगळं. फक्त त्यातला देव बाजूला ठेवून. निवृत्त झाल्यावरही तिला गप्प बसवेना. हैफा शहराच्या हदार भागात कामगारांचं एक जुनं सभागृह आहे, तिथे तिने मंगळवारचा वर्ग सुरू केला. दोघादोघांच्या जोड्या करायच्या, मध्ये एक पान ठेवायचं आणि मोठमोठ्याने भांडत ते वाचायचं. रीत धार्मिक पाठशाळांतली. “पद्धत त्यांची उचललीय, दाढी नाही,” असं ती प्रत्येक नव्या माणसाला ठणकावून सांगायची.

या ठणकावण्यामागे तिची मुलगी होती. नोगा नाच शिकायची, त्या क्लासबाहेर एक गोडबोल्या तरुण उभा राहायला लागला. आधी त्याने केक आणला. मग प्रार्थनेची एक सुंदर चाल गाऊन शिकवली. मग शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं. आता नोगा ब्नेई ब्राकला, कडव्या धार्मिकांच्या वस्तीत राहते. डोक्याला घट्ट रुमाल, मागे पोरांची रांग. आईकडे आली तर पिशवीतून कागदी ताटली काढते, कारण आईची ताटं तिला धर्माप्रमाणे चालत नाहीत. त्यानंतर यर्देनाने मनाशी पक्कं केलं होतं, की आपल्या वर्गातून कुणाला असं जाऊ द्यायचं नाही.

“गेर्शोन, तो नवा, एल्खानान, तुला कसा वाटतो?” वर्ग सुटल्यावर तिने विचारलं. गेर्शोन बंदरावर क्रेन चालवायचा, आता तो वर्गातल्या वाचनात एल्खानानचा जोडीदार होता.

“हाडकुळा आहे. बिस्किटं फार खातो.”

“चेष्टा पुरे. त्याचे गाल बघ. वर उन्हाने रापलेत आणि हनुवटी ताकासारखी पांढरी. दाढी नुकतीच काढलीय.”

“मग? मीही सकाळीच काढली.”

“तुझी खुंटं रे! त्याची छातीपर्यंत असणार. आणि ती जीन्स? घडीसुद्धा मोडलेली नाही. वेषांतर आहे ते. वाचताना अंगठा कसा हवेत फिरवतो बघितलास? तो अंगठा पाठशाळेत वर्षानुवर्षं घासल्याशिवाय फिरत नाही.”

“अगं यर्देना, तू शिक्षिका आहेस की पोलीस?”

“दोन्ही. तो काही बोलतो का? देवाबिवाबद्दल?”

“बोलतो ना. मघाशीच म्हणाला, देवा, ही कॉफी किती कडू!”

यर्देना हसली नाही. तिला काळजी मायानची होती. मायान हॉस्पिटलात नर्स होती. तिचे वडील नुकतेच गेले होते आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून यायचे. असं हळवं झालेलं माणूस हे लोक बरोबर हेरतात. नोगाच्या वेळीही तसंच झालं होतं. तिचा बाप गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात केकवाला आला.

आणि व्हायचं तेच झालं. पुढच्या मंगळवारी वर्गाला येताना यर्देनाला बसस्टॉपवर ती दोघं दिसली. एल्खानान पुढे-मागे डोलत काहीतरी गुणगुणत होता. शेजारी मायान डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

यर्देना मनात चरफडली. ‘चाल! इथेही चालीपासूनच सुरुवात!’

वर्गात तिचं कशात लक्ष लागेना. त्या दिवशी एका जुन्या लेखकाच्या गोष्टी वाचायच्या होत्या. पक्का नास्तिक माणूस. देवाला आणि रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, त्याने पानोपानी झोडपलं होतं. वाद रंगात आला आणि गेर्शोनचा कोपर लागून ते पुस्तक फरशीवर पडलं. एल्खानान झटकन वाकला, त्याने पुस्तक उचललं, धूळ झटकली, आणि त्याच्यावर ओठ टेकले.

पवित्र ग्रंथ पडला तर तसं करतात. पण हे पुस्तक!

“कोणी पाठवलं तुला?” यर्देना कडाडली.

एल्खानान पुस्तक छातीशी धरून उभाच राहिला.

“बाई, मला कोणी...”

“खोटं बोलू नकोस! कुठल्या पाठशाळेने? आशीर्वाद पुटपुटतोस, डोलतोस, पुस्तकाचे मुके घेतोस. आणि मुके कुणाचे, तर या माणसाचे! हा बिचारा थडग्यात कूस बदलत असेल!”

“हात आपोआप जातो, बाई,” तो खालमानेने म्हणाला. “मी ब्नेई ब्राकचाच. सोडून आलो. हाताला अजून कळवायचं राहिलंय.”

गेर्शोन फिस्सकन हसला आणि यर्देनाने डोळे वटारताच त्याने कॉफीत तोंड घातलं.

“आणि मायानला काय पढवत होतास बसस्टॉपवर?”

“त्याने नाही, मी गाठलं त्याला!” मायान खुर्ची मागे सारून उठली. “बाई, माझे बाबा कम्युनिस्ट. थडग्यावर प्रार्थना म्हणाल तर उठून बसेन, असं बजावून गेले. पण रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायचे ना, ते तालमूद या धर्मग्रंथाच्या चालीत! साखर महागली, संप मिटला, सगळं त्याच सुरात. लहानपणी आजोबांकडून चिकटलेलं. ते गेल्यापासून घर कसं मुकं झालंय. ती चाल मला येईना, म्हणून याला विचारली. आणि देव गेला तरी जे मागे उरतं ते शिकायला या, असं तुम्हीच नाही का सांगत पहिल्या दिवशी? उरलेलं समोर आलं, तर तुम्ही पोलीस बोलवायला निघालात!”

मायानचं म्हणणं बरोबर होतं, हे यर्देनाला कळत होतं. आणि तरी नोगासुद्धा अशीच तावातावाने त्या तरुणाची बाजू घेऊन आईशी भांडली होती.

एल्खानानने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि कोट उचलला.

“माझा भाऊ म्हणतो, मला बिघडवायला तुम्ही लोकांनी माणसं पाठवली,” तो म्हणाला. “इथे तुम्ही विचारता, मला त्यांनी पाठवलं का. जातो मी.”

तो दारापर्यंत पोचला. यर्देना त्याच्या पाठीकडे बघत होती. हा गेला तर वर्ग सुरक्षित. हा गेला तर जाणार कुठे? परत भावाकडेच. म्हणजे आज तिच्या वर्गातून ब्नेई ब्राकला एक माणूस जाणार होता, आणि धाडणारी ती स्वतः होती.

“थांब!” ती ओरडली. “बस खाली. गेर्शोन, ऊठ.”

“मी कशाला? मी काय केलं?”

“तू मायानबरोबर बस. याची जोडीदार यापुढे मी.”

“बिचारा!” गेर्शोन पुटपुटला आणि आपला कप घेऊन सरकला.

यर्देना एल्खानानच्या समोर बसली आणि पान मध्ये सरकवलं.

“तुमचा अजून विश्वास बसलेला नाही,” तो म्हणाला.

“तिळभरही नाही. म्हणून तर समोर बसलेय. वाच.”

“चालीत वाचू?”

“येते तशी वाच. पण मी ऐकतेय, लक्षात ठेव.”

त्याने सूर लावला. दोन ओळीही झाल्या नसतील, यर्देनाने टेबलावर थाप मारली. “चूक! इथे लेखक रब्बीची टिंगल करतोय, तू स्तोत्र म्हटल्यासारखा काय वाचतोस?”

“नाही बाई, टिंगल नाही. घर सोडलेला माणूस बोलतोय. त्याला रब्बीची आठवण येतेय.”

“आठवण? या माणसाला? दाखव कुठे!”

“ही घ्या, ही ओळ. आणि ओरडू नका, मला ऐकू येतं.”