दाराच्या डाव्या बाजूची भिंत

यंदा मे महिन्यात घराची पुढची भिंत खरवडायला घेतली. वडिलांनी बांधल्यापासून दर दिवाळीला चुन्यावर चुना चढत गेला होता आणि आता त्याचे पापुद्रे सुटू लागले होते. रंगवाला म्हणाला, "भाऊ, आधी पुरं खरवडा लागते. नाहीतं पैसे पाण्यात." सकाळी सातलाच ऊन तापायचं, म्हणून आम्ही पहाटेच लोखंडी पट्टी घेऊन बसायचो. पांढरा, मग निळसर, मग पिवळा, मग पुन्हा पांढरा असे थर निघत गेले. दाराच्या डाव्या बाजूला मात्र खालचं प्लास्टर उघडं पडलं तरी हातभर जागा तांबूस राहिली.

"तेल आत मुरलं," रंगवाला म्हणाला. "काय लिवलं होतं इथं?"

"लग्नाचं," मी म्हणालो. कोणाच्या, ते सांगितलं नाही.

आमच्याकडे लग्न निघालं की पुढची भिंत चुन्याने पोतून घेतात. पेंटर येतो, दाराच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब काढतो आणि लाल ऑइलपेंटने नवरानवरीची नावं, गाव, तिथी लिहितो. लग्न होऊन गेलं तरी ते कोणी पुसत नाही. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ते तसंच राहतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात तिचं नाव तसं लिहिलं गेलं, आणि खाली तिचं सासर, कन्हान. वडील आधीच गेले होते. लग्न मीच लावून दिलं.

पाचव्या महिन्यात ती एक पेटी घेऊन परत आली. नवऱ्याचा दुसरा संसार आधीपासून होता. आठ दिवसांनी ती मला एवढंच म्हणाली, "ते नाव पुसून टाक ना रे. मले बाहेर निघाची लाज वाटते."

मी म्हणालो, "दिवाळीच्या रंगोटीत पुसू."

तेव्हा माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. परत आलेली बहीण घरात आहे हे कळलं की लोक मागे सरतात, असं आईला वाटायचं. मी आईचं नाव पुढे करतो आहे, पण मलाही तसंच वाटायचं. भिंतीवर नाव होतं तोवर बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. मोहल्ल्यातल्यांना माहीत होतं, आणि ते टोचायला सोडत नव्हते. नळावर शेजारीण एकदा म्हणाली, "काय वं, अजून माहेरीच? भिंतीवर तं कन्हान लिवलं आहे." ताई भरलेली बादली तिथेच ठेवून आत आली. ती मी नंतर उचलून आणली.

दिवाळीत मी स्वतः चुना कालवला, त्यात नीळ आणि डिंक घातला आणि सगळी भिंत पोतली. नावाचा तेवढा चौकोन सोडला. कडेने इतक्या काळजीने कुंचा फिरवला की अक्षरं आणखीच उठून दिसू लागली.

दिवाळीनंतर कळमेश्वरचे लोक मला पाहायला आले. मुलीचे मामा दारातच थांबले आणि त्यांनी भिंत वाचली.

"बहिणीचं लग्न झालं वाटते. कन्हानले दिली का?"

"हो."

"बरं चाललं आहे ना?"

"सुखात आहे," मी म्हणालो.

ताई स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पोहे करत होती. मधला दरवाजा उघडा होता. पोहे आईने बाहेर आणले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर ताई स्टुलावर उभी राहून त्या चौकोनावर चुना देत होती. चुन्याचे दोन हात देऊन झाले होते. वाळल्यावर अक्षरं पुन्हा वर आली, फिक्कट गुलाबी, पण वाचता येण्याजोगी.

"तेलावर चुना बसत नाही," मी म्हणालो. खरवडावं लागेल, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कुंचा धुतला आणि आत गेली. महिनाभरात तिने बुटीबोरीला बालवाडीची नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. आईने थांब म्हटलं. मी म्हटलं नाही.

माझं लग्न कळमेश्वरलाच ठरलं. पेंटर आला आणि त्याने पट्टीने तो चौकोन साफ केला. त्याला अर्धी सकाळही लागली नाही. दुपारी तिथेच माझं नाव लिहिलं गेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ताई आली. पिशवी हातात तशीच धरून ती भिंतीपुढे थोडा वेळ उभी राहिली.

"निघते तं नाव," ती म्हणाली.

लग्नाचं सगळं तिने केलं, हळदीपासून गृहप्रवेशापर्यंत. त्यानंतर या घरात ती राहायला कधी आली नाही. आई गेली तेव्हासुद्धा संध्याकाळच्या बसने परत गेली. मी दर भाऊबीजेला बुटीबोरीला जातो. ती ओवाळते, जेवू घालते, मुलांचं विचारते. इतक्या वर्षांत घराचं एकदाही विचारलं नाही.

भिंतीला नवा रंग लागला. त्या तांबूस जागेवर रंगवाल्याने दोनदा पुट्टी भरली, आता काही दिसत नाही. रविवारी मी भाऊबीजेची वाट न पाहता बस धरली. वाटेत वाक्यं जुळवत होतो. ताई दारात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून आधी घाबरली.

"काहून आला? घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. घर रंगवलं."

"हं."

"ताई, ते कळमेश्वरचे लोक आले होते त्या दिवशी..."

तिचे हात थांबले. सुपातले तांदूळ तिने एका बाजूला सारले.

"पोहे मीच केले होते," ती म्हणाली. "मले माहीत आहे तू काय बोलला ते."

एवढ्या वाटेत जुळवलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. "चुकलो," एवढंच म्हणालो.

तिने तांदूळ पुन्हा पुढ्यात ओढले. बराच वेळ खडे वेचत राहिली. मग सूप घेऊन उठली.

"जेवून जा. चारची बस आहे."

जेवलो. चारच्या बसने परत आलो. मला सोडायला ती फाटकापर्यंत आली होती.