शहराचा ........वा वर्धापन दिन

आमच्या शहरात दोन गोष्टी आपोआप साचतात, कोपऱ्यावरचा कचरा आणि समितीचे किस्से. कचऱ्याची गाडी निदान अधूनमधून येते. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते सांगत बसायचं काम माझ्याकडे!

पडेगावच्या आमच्या कॉलनीनं यंदा शहराचा वर्धापन दिन साजरा करायचं ठरवलं, त्यासाठी समिती नेमली आणि मला सचिव केलं. का, तर मी रिटायर्ड आहे आणि माझं अक्षर बरं आहे. अध्यक्ष देशमुख सर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. धावपळीला जाधव, शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. आणि सुमनमावशी. त्या शाळेत शिपाई होत्या, कॉलनीतलं सगळ्यात पहिलं घर त्यांचं.

मावशी समितीत आल्या त्या एकाच कामासाठी. आमच्या कॉलनीला नळ नाही. पाइपलाइन येणार आहे, मावशींनी घर बांधलं तेव्हापासून येणारच आहे. तोवर टँकर. आता मावशींच्या गुडघ्यांनी जवाब दिलाय, बादल्या उचलवत नाहीत. लेक पैठणला असते, ती म्हणते, आई, माझ्याकडे ये. पण स्वतः उभं केलेलं घर सोडायला मावशींचं मन होत नाही.

पहिल्याच मीटिंगला सगळ्यांना "जय भीम" करून त्या म्हणाल्या, "या उन्हाळ्यात नळ आला तर ऱ्हाते, नाय तर जाते पैठणला. तेवढं साहेब लोकांच्या कानावर घाला."

आम्ही ते 'ऐनवेळचे विषय' या सदरात लिहून घेतलं आणि चहा मागवला.

*

पहिला वाद शहराच्या वयावरून. शहर वसलं तेव्हापासून धरायचं की नगरपालिका झाली तेव्हापासून? देशमुख सरांनी तीन मीटिंगा खाल्ल्या. दर वेळी नवीन पुस्तक, नवीन साल!

शेवटी जाधवनं वैतागून बॅनरवाल्याला मेसेज केला, "आकडा नंतर सांगतो, तोवर जागा मोकळी सोड." मग जाधव शिफ्टला गेला आणि विसरला.

बॅनर आला. भला मोठा, चार रंगांत. 'शहराचा ........वा वर्धापन दिन.'

मी कपाळावर हात मारला. सर मात्र चष्मा पुसून म्हणाले, "राहू द्या. इतिहासाच्या दृष्टीनं इतका अचूक बॅनर मी पाहिला नाही!"

*

मग प्रचाराची रिक्षा. भोंग्यावर जाधवच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, "आपलं शहर प्रगतीच्या मार्गावर सुसाट!" मी ड्रायव्हरच्या शेजारी.

दुसऱ्याच वळणावर पाइपलाइनसाठी खोदलेल्या चारीत पुढचं चाक गेलं. रिक्षा तिरपी, मी ड्रायव्हरच्या मांडीवर, आणि भोंगा काही बंद होईना. "सुसाट! सुसाट!"

पंक्चरवाले चाचा हात पुसत आले. आधी त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मियां," ते म्हणाले, "पैले गड्ढे में से तो निकलो. तरक्की की बातां बाद में करते!"

*

'आधी आणि नंतर' अशी फोटो स्पर्धाही ठेवली होती. कल्पना जाधवची, कंपनीत असले तक्ते लावतात म्हणे. शहर किती बदललं ते लोकांना दिसावं.

उन्हानं डिंक सुटला आणि फोटोंखालच्या 'आधी', 'नंतर' लिहिलेल्या सगळ्या पट्ट्या खाली पडल्या. आम्ही त्या अंदाजानं परत चिकटवल्या. गुळगुळीत रस्ता दिसला की 'नंतर', खड्डे दिसले की 'आधी'. साधा हिशेब!

बक्षीस घ्यायला आलेला माणूस आपल्याच फोटोंसमोर बराच वेळ उभा राहिला.

"काही चुकलं का?" मी विचारलं.

"रस्ता आधीचा हाय, साहेब. खड्डे आत्ताचे हायेत," तो म्हणाला. "पण ऱ्हाऊ द्या, असंच बरं दिसतंय."

*

स्मरणिकेसाठी प्रत्येकाकडून 'मी पाहिलेला विकास' यावर चार ओळी घ्यायच्या होत्या. मावशींकडे वही घेऊन मीच गेलो. त्या टँकरच्या रांगेत उभ्या होत्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आधी माझ्याकडं एक हंडा होता. मंग ड्रम आला. मंग शिमिटाची टाकी बांधली. आता गच्चीवर काळी टाकी हाय, लई मोठी. झाला का नाय इकास?"

मी शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. छापताना सरांनी त्यातला शेवटचा प्रश्न काढून टाकला आणि चार ओळी 'प्रगतीची साक्षीदार' या मथळ्याखाली छापल्या! मला खरंच लाज वाटली, पण तोवर स्मरणिका बांधून झाली होती.

*

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून पाण्याचं काम बघणारे साहेबच मिळाले. आम्ही खूश. मावशी इस्त्रीची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत.

साहेब दीड तास उशिरा आले आणि विकासावर भरभरून बोलले. मी मागून नळाची चिठ्ठी सरकवली. ती वाचून ते म्हणाले, "नळाचं म्हणाल, तर ते काम लवकरच!"

'लवकरच' ऐकून मावशींनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

नंतर कॉलनीच्या पहिल्या रहिवासी म्हणून त्यांचा सत्कार होता. गुडघ्यांवर हात ठेवत त्या स्टेजवर चढल्या. शाल घेतली, नारळ घेतला. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी कागद सोडला. पितळी नळ! चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"घर बांधलं त्या साली घेतला होता," मावशी म्हणाल्या. "आता तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मी उद्या पैठणला चालले."

साहेब फोटोग्राफरकडे बघून हसत होते.

"साहेब, दिसत नाही," फोटोग्राफर ओरडला. "जरा वर धरा!"

साहेबांनी नळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला, आणि सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या.