तो गोळा ठेवला कुठे होता?

माझ्या वडिलांना कमी ऐकू यायचं. नागपूरजवळच्या कामठीत पॉवरलूमवर पंधरा-वीस वर्षं काढलेल्या बहुतेक माणसांना कमीच ऐकू येतं. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहायचं आणि एकमेकांशी ओरडून बोलायचं. मग घरी आल्यावरही आवाज खाली येत नाही. बाबांनी जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात कळायचं.

छप्पन साली आमच्या घरानं नागपुरात जाऊन दीक्षा घेतली तेव्हा मी तीन वर्षांची होते. परत आल्यावर बाबांनी घरातले सगळे देव एका फडक्यात बांधले आणि कन्हान नदीच्या पात्रात सोडून आले. त्याचा त्यांना कधीही पश्चात्ताप झाला नाही. पण एक अडचण मात्र झाली. मी नववीत असताना ती त्यांनी मला सांगितली.

"पयले कसं, कोणी इचारलं का हे जग कोणं केलं, त देवानं केलं म्हणून मोकळे होत होतो. आता देव त गेला. मंग हे झालं कसं?"

त्यांनी विहारातल्या भंतेजींना विचारून पाहिलं होतं. भंतेजी म्हणाले, आपल्या धम्मात हा प्रश्न बाजूला ठेवला आहे. माणसाला दुःख का होतं आणि ते कसं जाईल, ते आधी बघा. बाबांना ते पटलं. तरी प्रश्न काही गेला नाही. "दुःखाचं समजलं मले, ते बरोबरच आहे," ते म्हणाले. "पण हे आभाळ आलं कुठून, एवढं इचारलं त काय बिघडते?"

बाबांच्या या प्रश्नामुळे मी विज्ञानाकडे वळले, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आले. ते ऐकायला चांगलं वाटतं. खरं म्हणजे मला गणितात मार्क पडत होते आणि शाळेतल्या बाईंनीच माझा फॉर्म भरून दिला होता.

एम.एस्सी.ला मी नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलं. आमच्या वर्गात आम्ही तिघीच मुली. बाकीच्या दोघी तिथल्याच धंतोलीतल्या, एकीचे वडील डॉक्टर आणि दुसरीचे वकील. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, तुझे बाबा काय करतात? मी म्हटलं, "कापडाच्या धंद्यात आहेत." त्यात खोटं असं काही नव्हतं. त्यांना वाटलं, कामठीला आमचं दुकान असेल. मी वाटू दिलं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी कॉलेजच्या विज्ञान मंडळानं विद्यार्थ्यांची व्याख्यानं ठेवली. आमच्या सरांनी माझं नाव दिलं. विषय मीच निवडला, विश्वाचा जन्म. महिनाभर लायब्ररीत बसून टिपणं काढली आणि घरी अंगणात फेऱ्या मारत भाषण पाठ केलं. बाबा दारात बसून माझ्या ओठांकडे बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, "मी येऊ का वं ऐकाले? शुक्रवार आहे, लूम बंदच राहते."

मी म्हटलं, "बाहेरच्यांना येऊ देत नाहीत बाबा."

"बरं," ते म्हणाले.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या. शेवटी लिहिलं होतं, सर्वांना प्रवेश खुला. चहाच्या टपरीवर बाबा रोज पेपर वाचत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्या दोन ओळी त्यांनी वाचल्या असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हॉल भरला होता. मी बोलायला लागले आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी भीती गेली. सुरुवातीला सगळं विश्व एका लहानशा, अतिशय तप्त गोळ्यात कोंबलेलं होतं, मग तो गोळा फुटला आणि त्याचे तुकडे आजही एकमेकांपासून दूर पळताहेत, असं मी हात पसरून सांगितलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाबा आत आले आणि शेवटच्या रांगेत टोकाला बसले. कामठीहून सायकल हाणत आले होते. पायजमा, वर मळका सदरा, आणि केसांत कापसाची पांढरी कुसं. ती धुतली तरी कधी पूर्ण निघत नसत. मी नजर वळवली आणि पुढे बोलत राहिले, त्या गोळ्याच्या आधी जागाही नव्हती आणि काळही नव्हता.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी इंग्रजीतून विचारले, मी उत्तरं दिली. मग मागून बाबांचा आवाज आला. लूमवर बोलतात तसा, सगळ्या हॉलमध्ये घुमणारा.

"मले एक इचारायचं होतं! तो गोळा होता म्हणता न तुमी, त ठेवला कायवर होता? जागाच नोती म्हणता, त तो होता कुठी?"

लोक मान वळवून बघायला लागले. कोणीतरी फिसकन हसलं. ते मला 'तुमी' म्हणाले होते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. माझी ओळख दाखवायची नाही हे ते दारातूनच ठरवून आले होते. मला एवढंच दिसत होतं की धंतोलीच्या दोघी पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्याही मागे वळून बघताहेत.

मी म्हटलं, "काका, तो गोळा काही चुलीवर ठेवलेला नव्हता."

सगळा हॉल हसला. मला वाटतं, तेवढा मोठा हशा त्या दिवशी दुसऱ्या कशालाच आला नाही. बाबांना माझं बोलणं ऐकू आलं की नाही, कोण जाणे. हसणं मात्र दिसलंच असणार. ते क्षणभर उभे राहिले, मान हलवली आणि खाली बसले. मी पुढचा प्रश्न घेतला.

कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम मैत्रिणींच्या घोळक्यात रेंगाळले. बाहेर आले तेव्हा सायकल स्टँडवर बाबांची सायकल नव्हती. मी बसनं घरी पोचले तेव्हा ते जेवत होते. आईनं विचारलं, "कसं झालं वं भाषण?" माझ्याआधी तेच बोलले. "मस्त झालं असंन. तयारी केली होती तिनं."

म्हणजे तिथे गेल्याचं त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. मी पान वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, कौतुक करतील. ते म्हणाले, "कालच्या त्या गृहस्थांना तू उत्तर दिलं नाहीस."

मी म्हटलं, "सर, तो काय प्रश्न होता का?"

"काल विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढाच होता. चूक तुझी होती. गोळा म्हटलं की त्याला बाहेरची बाजू आली, भोवती जागा आली. जागा ही त्या आरंभाबरोबरच आली असं आपण मानतो, मग गोळा ठेवणार कुठे? तुझ्या वाक्यातली फट त्यांना दिसली, हॉलमधल्या एकाही शिकलेल्या माणसाला दिसली नाही." मग म्हणाले, "तू त्यांना ओळखतेस का? मला त्यांना भेटायला आवडेल."

त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. हसणारं कोणी नव्हतं, धंतोलीच्या मुली नव्हत्या. स्टेजवरचं बोलणं घाबरून झालं असं मी स्वतःला समजावू शकते, पण या उत्तराला तसं काही कारण देता येत नाही.

"नाही सर," मी म्हटलं. "ओळखत नाही."

त्यानंतर शुक्रवारी दुपारी बाबा घरी नसायला लागले. "नागपूरले जाऊन येतो," म्हणायचे आणि सायकल काढायचे. शुक्रवारी मला तास नसत, मी घरीच अभ्यास करत असे. समाजाच्या कुठल्या तरी मीटिंगला जात असतील असं मी धरून चालले. विचारलं नाही, कारण त्या भाषणापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं होतं. त्यांनी कधी तो विषय काढला नाही. मला त्याचं बरंच वाटायचं.

चार-पाच महिन्यांनी एका शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. त्यावर वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहायचा होता आणि खाली सरांची सही लागत होती. शिष्यवृत्ती गरजेची होती, म्हणून खरं लिहिलं. पॉवरलूम कामगार, कामठी. सरांनी फॉर्म वाचला. सही करायला उचललेलं पेन तसंच हातात राहिलं.

"हे तुझे वडील?"

"हो सर."

"शुक्रवारी माझ्याकडे येतात ते?"

सर सांगत गेले. व्याख्यानानंतरच्या शुक्रवारी बाबा कॉलेजात आले होते, शिपायाला विचारत विचारत थेट खोलीपर्यंत. म्हणाले, त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. तेव्हापासून जवळजवळ दर शुक्रवारी येत होते. सर कागदावर आकृत्या काढून सांगत, बाबा विचारत राहत. सरांनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं, आमची ती विद्यार्थिनी कामठीचीच आहे, तुमच्या ओळखीची का? "मी त्यांना असंही सांगितलं," सर म्हणाले, "की तिला विचारलं तर ती ओळखत नाही म्हणाली."

"मग? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर आहे. कामठी केवढी मोठी, ती कशी ओळखणार."

सरांनी सही केली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांची माफी मागायला लागले, तर म्हणाले, "माझी कशाला?"

घरी आले तेव्हा बाबा दाराशी बसून सायकलच्या चाकाचं पंक्चर काढत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. एरवी त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागे. आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी हळू बोलायला गेले, तर ते म्हणाले, "काय म्हणतं? जोऱ्यानं बोल." मग मला ते सगळं ओरडूनच सांगावं लागलं. सरांनी सांगितलं, मला कळलं, माझं चुकलं. आई आतून बाहेर आली. शेजारची बाई ओट्यावर आली.

बाबांनी हातातला रबराचा तुकडा खाली ठेवला. "तुले काय वाटलं, मले कमी ऐकू येते म्हणून ते चुलीचं ऐकू नाही आलं?"

मी रडायला लागले.

"वाईट त वाटलं. खोटं कायले बोलू? घरी येताना कामठी रोडले उतरलो सायकलवरून, थोडं दूर पायीच आलो." मग म्हणाले, "पण तुह्या सरले मी इचारलं न, का गोळ्याच्या आधी काय होतं. त त्यायनं चष्मा काढला, टेबलावर ठेवला, अन् म्हणे, मला माहीत नाही. एवढा शिकेल माणूस! भंतेजीनं म्हटलं, इचारू नको. तू म्हटलं, चुलीवर नोता. अन् हा म्हणते, माहीत नाही, मीबी तेच शोधून राहिलो. मले लय बरं वाटलं त्या दिवशी."

आई तिथेच उभी होती. तिनं मला नंतर कधीही त्याबद्दल विचारलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नसे.

पुढच्या शुक्रवारी मी बाबांबरोबर निघाले. एवढ्या लांब एका सायकलवर दोघं जाणं शक्य नव्हतं, म्हणून बसनं गेलो. सगळ्या वाटेत ते मला विचारत होते, जागा ताणली जाते म्हणजे काय, कापड ताणल्यावर धागे विरळ होतात तसं का? बसमधली माणसं आमच्याकडे बघत होती. मी उत्तरं देत होते, त्यांच्याइतक्याच मोठ्यानं.

कॉलेजच्या फाटकापाशी आल्यावर ते थांबले. पायातली चप्पल नीट करण्याचं निमित्त करून वाकले आणि म्हणाले, "तू हो पुढे. मी येतो मांगून."

मी त्यांच्यासाठी थांबले आणि आम्ही दोघं बरोबर आत गेलो. सरांच्या खोलीत शिरताना मी म्हटलंही, "सर, हे माझे बाबा." पुढे सगळं चांगलंच झालं. ते दोघं मी शिकून बाहेर पडल्यावरही कितीतरी वर्षं भेटत राहिले. पण फाटकाशी थांबायच्या आधी मी एकदा आत नजर टाकून घेतली होती, तिथे माझ्या ओळखीचं कोणी उभं आहे का ते. कोणी नव्हतं. असतं तर मी थांबले असते की पुढे गेले असते, ते मला आजही सांगता येत नाही.