बेचाळीसचा ब्लाऊज, छत्तीसचा पट्टा

त्या उन्हाळ्यात आईची बदली झाली. सोनईतल्या, घरापासून चालत जाता येणाऱ्या शाळेतून तिला एका लांबच्या वस्तीवरच्या शाळेत पाठवण्यात आले. तिथे एसटी जात नाही. रस्ता आधी डांबरी, मग खडीचा आणि शेवटी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेला. वडील साखर कारखान्यात पाळीवर. त्यांना रोज ने-आण करणे शक्य नव्हते. उरले दोन पर्याय: आईने स्कूटी शिकायची किंवा नोकरी सोडायची. दुसऱ्याचा उच्चार घरात कुणी करत नव्हते. आई मात्र अधूनमधून जुन्या सहकारी बाईंना फोन करून स्वेच्छानिवृत्तीचे नियम विचारायची.

मी पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. आटोपून पुण्याहून आले होते आणि संशोधनाच्या प्रवेशासाठी मुलाखतींची तयारी करत होते. स्कूटी शिकवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. तोल, वेग, ब्रेक लावल्यावर लागणारे अंतर हे सगळे तिने झटपट आत्मसात केले. शाळेच्या मैदानावर ती उत्तम चालवायची. रस्त्यावर आली की बिघडायचे. प्रत्येक खड्ड्याआधी ती जवळजवळ थांबायची, पाय टेकवायची, सरकत सरकत खड्डा ओलांडायची आणि पुन्हा निघायची.

“बाई निघाल्यात का रोडरोलर निघालाय?” वडील ओट्यावरून विचारायचे. “पोरं खिचडी खाऊन घरी जातील, तरी बाई रस्त्यातच हायेत.”

आई हसायची.

दोष भीतीचा आहे, असे मी गृहीत धरले होते. पण भीती सरावाने कमी व्हायला हवी आणि इथे ती वाढत होती. म्हणून एके सकाळी मी मागे बसायचे सोडून रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि तिला समोरून येताना पाहिले. खड्डा जवळ आला की तिचा डावा हात हँडल सोडून छातीवर यायचा. लांबून वाटे, पदर सावरते आहे. पदर पिन लावून पक्का केलेला होता. ती स्वतःला धरत होती.

मी काही बोलण्याआधीच, तो हात सुटलेला असताना, पुढचे चाक चाकोरीत गेले आणि ती पडली. लागले फार नाही. कोपर सोलवटले, खांदा खरचटला. घरी आल्यावर तिने वडिलांना अगदी शांतपणे सांगितले की स्कूटीला गिऱ्हाईक बघा. वडिलांनी त्या वेळी थट्टा केली नाही.

जखम धुण्यासाठी तिला ब्लाऊज उतरवावा लागला. दोन्ही खांद्यांवर, ब्राच्या पट्ट्यांखाली, बोट बसेल एवढ्या खोल चरा होत्या. त्या दिवसाच्या नव्हत्या; तळाशी कातडी काळी पडून गुळगुळीत झाली होती. मी विचारले तर म्हणाली, सगळ्याच बायकांना असतात. तशाच चरा माझ्याही खांद्यांवर होत्या आणि पुण्यात योग्य मापाची ब्रा घेऊ लागल्यावर त्या हळूहळू बुजल्या होत्या, म्हणून कारण मला ठाऊक होते.

आमच्याकडे ब्रा ब्लाऊजच्या नंबराने मागतात. ब्लाऊजचा नंबर म्हणजे छातीचा सर्वांत मोठा घेर. तोच आकडा दुकानात हळू आवाजात सांगायचा. दुकानदार काका आपल्याकडे न पाहता फळीकडे पाहतात आणि वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. आईचा ब्लाऊज बेचाळीसचा, म्हणून ब्राही बेचाळीसची. पण ब्राचा आकडा छातीखालच्या घेराचा असतो, आणि छातीचा उभार किती ते कपाचे अक्षर सांगते. आकडा मोठा घेतला की पट्टा सैल राहतो, पाठीवर वर चढतो, सगळा भार खांद्यांवर येतो आणि धक्का बसला की छाती हेलकावते. बायका मग खांद्याच्या पट्ट्या आणखी आवळतात. भार फासळ्यांभोवतीच्या पट्ट्याने पेलायचा असतो, एवढी साधी गोष्ट तिला आयुष्यात कुणी सांगितली नव्हती.

मी टेप आणली तेव्हा तिने हात अंगाशी घट्ट धरले.

“टेलरसुद्धा मला मोजत नाही गं,” ती म्हणाली. “मापाचा ब्लाऊज देते मी त्याला.”

तो मापाचा ब्लाऊज माझ्या जन्माआधीचा होता. दर वेळी त्यावरून नवा शिवायचा आणि दर वेळी शिलाई थोडी उसवायची. म्हणजे इतक्या वर्षांत तिच्या अंगाला टेप लागलीच नव्हती. मी दार लावले, खिडकीचा पडदा ओढला आणि जे जे करणार ते आधी सांगितले. तिने हात वर केले आणि डोळे मिटले, शाळेत लसीकरणाच्या दिवशी तिच्या वर्गातली मुले मिटतात तसे. छातीखालचा घेर छत्तीस भरला. तिचा विश्वास बसला नाही. मी पुन्हा मोजून दाखवला.

छत्तीसचा पट्टा आणि एवढा मोठा कप सोनईत मिळण्यासारखा नव्हता. आम्ही नगरला गेलो. पहिल्या दुकानातल्या मुलीने आईला आपादमस्तक न्याहाळले.

“मावशी, छत्तीस तुम्हाला कसं होईल? बेचाळीसच घ्या. ढगळ बरं असतं.”

आई मान डोलावणारच होती. ढगळ बरे, हे ती सगळ्याच कपड्यांबाबत मानत आली होती. मी तिला हात धरून बाहेर काढले. दोन-तीन दुकानांतून तेच उत्तर आले, तेव्हा परतीच्या एसटीत बसून मी मोबाईलवरून मागवली.

पहिली ब्रा कपाला अपुरी पडली. ती परत पाठवायची म्हणताच आई अस्वस्थ झाली. पार्सलवाल्याला आत काय आहे ते कळेल, ही तिची चिंता. मी खोक्याला इतकी चिकटपट्टी गुंडाळली की त्याला स्वतःलाही ते उघडता आले नसते. दुसरी आली. आईला पुढे वाकवून मी ती तिच्या अंगात घातली, मागचे हुक लावले, पट्ट्याखाली दोन बोटे सरकतात ना ते पाहिले.

“घट्ट आहे,” आई म्हणाली.

“तिथे घट्टच हवं. आता खांद्यावरच्या पट्ट्या सैल करते.”

त्या सैल झाल्यावर तिने हात वर केले, खाली आणले. जागच्या जागी, मला दिसणार नाही अशा बेताने, टाचा उचलून आपटल्या. मग आरशात माझ्याकडे पाहिले.

“तुला पहिली मीच आणून दिली होती. ब्लाऊजच्याच नंबरानं.” मग वळून म्हणाली, “तुझे खांदे दुखायचे का गं?”

“थोडे.”

तिने माझ्या कुर्त्यावरून खांदा चाचपला. अंगठ्याने ती चर शोधत होती. मी म्हणाले, आता नाहीत. तरी तिने हात लगेच काढला नाही.

तिच्या चरा बुजल्या नाहीत आणि मान अजूनही संध्याकाळी भरून येते. एका कपड्याकडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवणे शास्त्राला धरून नाही. पण शाळा उघडण्याच्या आदल्या शनिवारी ती मला मागे बसवून वस्तीच्या रस्त्याला लागली, तेव्हा तिचे दोन्ही हात सबंध वेळ हँडलवर होते. खडी आली, चाकोऱ्या आल्या. वेग कमी झाला, पाय खाली आला नाही. शाळेच्या फाटकाशी तिने गाडी वळवली आणि मला उतरायला सांगितले.

“मागं कुणी नसताना जमतंय का बघते. तू ये सावकाश.”

मी उन्हातून, उसाच्या कडेकडेने, दोन तास चालत घरी पोहोचले. स्कूटी अंगणात उभी होती. वडील ओट्यावर मला थांबवून हळूच म्हणाले, “तिला सांग, सोमवारी मी सोडतो म्हणून. पयला दिवस हाय.”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “तुम्ही झोपा सोमवारी. तुमची रात्रपाळी आहे.”